सहा किलोमीटर तंगूस

तुमसर रोड स्टेशनावर गाडी सव्वासहाला पोहोचायला हवी होती. ती सात वाजून दहा मिनिटांनी पोहोचली. जानेवारीतले धुके होते, आणि फलाटावरचा चहावाला आवाजावरूनच ओळखावा लागत होता. माझ्याकडे एक लहान बॅग आणि घडी केलेली दोन रिकामी पोती होती. दर जानेवारीत मी नाशिकहून सासुरवाडीला येतो आणि चाळीस किलो चिन्नोर (भंडाऱ्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ) घेऊन परततो. एक रात्र राहतो. या वेळी चार रात्री राहिलो, आणि परतताना तांदळाबरोबर तीनशे दहा ग्रॅमचे एक गाठोडे आणले. ते कसे आले, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

सासुरवाडी तुमसरपासून अकरा किलोमीटरवर आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. माझा मेहुणा धनराज मोटारसायकल घेऊन आला होता. कानाला मफलर, पायात प्लास्टिकच्या चपला.

"बसा जवाईबापू. गावात तुमचं नाव लय निघून राहिलं."

"माझे? कशाबद्दल?"

"पाहालच."

गावाच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. तिथे त्याने गाडी थांबवली. बाकावर तीन-चार जण चहा पीत बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "आले पाहा एकेचाळीसवाले जवाई!" आणि सगळे हसले. दुकानाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावरचे अक्षर माझे होते.

गेल्या जूनमध्ये मी आलो होतो तेव्हा धनराज वैतागलेला होता. पऱ्ह्याच्या बांधीत (धानाची रोपे वाढवायच्या वाफ्यात) बी टाकले की पाखरे ते वेचून खात. मी कारखान्यात स्टोअरकीपर आहे. मोजमाप हा माझा रोजचा धंदा. वाफा बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद होता. पंचवीस सेंटिमीटरवर एक ओळ धरली तर ओळी होतात एकेचाळीस. एकेचाळीस गुणिले बारा, चारशे ब्याण्णव मीटर. तुमसरच्या बाजारात तंगुसाचे (मासे धरायच्या गळाला लावतात त्या नायलॉनच्या पारदर्शक धाग्याचे) रीळ पाचशे मीटरचे मिळते. म्हणजे एका रिळात काम होते आणि गाठींसाठी आठ मीटर उरतात. तंगूस दिसत नाही, पाखरू उतरताना पंखाला लागतो आणि ते बिचकून उडते. बांबूच्या खुंट्या किती लांब हव्यात तेही मी लिहिले होते, आणि आमच्या स्टोअरमध्ये पेट्यांना बांधतो ती न सुटणारी गाठ धनराजला शिकवली होती: दोन वेढे आणि टोक दोन्हींच्या खालून.

त्या कागदाची झेरॉक्स काढून धनराजने दुकानात लावली होती. त्याच्यासकट बारा घरांनी तसेच केले. बारा रिळे. मी मनातल्या मनात गुणाकार केला: सहा किलोमीटर. चहा पिताना मला फार बरे वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

घरी गेल्यावर धनराजच्या बायकोने, वनिताने, पाणी दिले आणि मी इकडेतिकडे पाहू लागलो. उरलेला तंगूस घरात सगळीकडे होता. बुद्धाची तसबीर त्यावर टांगलेली, सुपाचा सुटलेला काठ त्याने बांधलेला, पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचा वेल त्याच्या आधाराने छपरावर चढलेला, धनराजच्या चपलेचा अंगठा त्यानेच शिवलेला. मी नऊ ठिकाणे मोजली.

"दहा," वनिता म्हणाली आणि गळ्यातली काळी पोत पुढे करून दाखवली. "दोन डाव तुटली होती जी सुतात. आता पाहा, म्हैस बांधली तरी तुटत नाही."

"म्हैस काहून बांधतेस गळ्याले? मी हाओ ना," धनराज म्हणाला.

दुपारी चिन्नोरचा भात, पोपटाच्या शेंगांची रस्सा भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. मी सहा वडे खाल्ले. मग धनराज म्हणाला, "चला, बोडीवर (गावच्या लहान तलावावर) सारस दाखवतो. औंदा पिल्लू झालं."

सारस म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच क्रौंच. राखी अंग, लाल मान. जोडी आयुष्यभर एकत्र राहते. त्यांचे घरटे धानाच्या बांधीतच असते. धनराजचे वडील हयात असताना म्हणायचे, की जिल्हा तुटला (भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला) तेव्हा नवेगावचा तलाव गोंदियाले गेला, नागझिरा गोंदियाले गेला, सारसही त्यायनंच नेले. आपल्या वाट्याले हे एकच जोडपं आलं. गावाला त्या जोडप्याचा अभिमान आहे. पाहायला गर्दी होऊ नये म्हणून गावाचे नाव लिहिलेले नाही.

बोडीच्या पाळीवर सुकराम ढिवर जाळे सुकवत बसले होते. वय साठीच्या पुढे. गावात मासेमारी करणारे शेवटचे दोघे उरले आहेत, त्यांतले एक. समोर लाखोळी पेरलेल्या बांधीत तिघे सारस चरत होते. पिल्लू उंचीला आईबापाएवढेच झाले होते, फक्त डोके अजून तपकिरी होते. ते लंगडत होते. डावा पाय टेकवला की लगेच उचलत होते, आणि त्याच्यामागून काहीतरी गवतातून ओढले जात होते.

"तंगूस आहे पायाले," सुकराम म्हणाले. "चार-पाच दिवसांपासून पाहून राहिलो. हात लावू देत नाही."

मी तेव्हा जे बोललो त्याची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "तुमच्याच गळाचा असेल."

सुकरामांनी जाळ्यावरून हात काढला नाही. "असू शकते. माझ्याही जाळ्याचा तुकडा कधी पाण्यात राहतेच, मी नाही म्हणत नाही. पण जवाईबापू, माझ्या गळाले खुंटी नसते."

मला काही कळले नाही. धनराजने वनखात्यात फोन केला. उद्या सकाळी वनरक्षक बाई येतील, असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी सात वाजून वीस मिनिटांनी सुकराम अंगणात आले. "धनराज, पिल्लू अडकलं!"

आम्ही धावलो. पायामागून ओढली जाणारी ती वस्तू धुऱ्याच्या (दोन बांध्यांमधल्या बांधाच्या) भेगेत रुतली होती. पिल्लू उडायला पंख पसरी, चार हात वर जाई आणि पाय ओढला जाऊन तोंडावर आपटे. आईबाप दोन्ही बाजूंना उभे राहून ओरडत होते. सारसाची हाक दोन किलोमीटरवर ऐकू जाते म्हणतात. ती दहा पावलांवरून ऐकणे कसे असते, ते मला सांगता येणार नाही.

मी पुढे निघालो. सुकरामांनी दंड धरला. "पळू नका. तुमाले पाहून ते झटका देईल, पायच तुटंल. बाईले येऊ द्या."

वनरक्षक बाई पावणेनऊला पोहोचल्या. एक तास पंचवीस मिनिटे आम्ही धुऱ्यावर उकिडवे बसून होतो. तेवढ्यात ते पिल्लू सतरा वेळा पडले. मोजायचे असे ठरवले नव्हते. माझी सवयच तशी आहे. बाराव्या वेळेनंतर त्याचे पंख अर्धेच उघडत होते. सतराव्या वेळी ते पडले ते उठलेच नाही, मान जमिनीवर टाकून पडून राहिले. तेव्हा बापाने येऊन चोचीने त्याची पाठ ढोसली. धनराज दिवसभर टिंगल करणारा माणूस. तो दुसरीकडे तोंड करून बसला.

बाईंनी कोणाला काही विचारले नाही. "घोंगडी आहे?" एवढेच. धनराजने आणि दुसऱ्या एका शेतकऱ्याने हातात डहाळ्या घेऊन आईबापाला तीस पावले मागे रेटले. बाईंनी पिल्लाच्या डोक्यावर घोंगडी टाकली, सुकरामांनी मान आणि पंख कवेत धरले आणि मला पाय धरायला सांगितला.

तो पाय मी धरला. काडीसारखा दिसतो, पण हातात घेतल्यावर तो थरथरतो आणि ऊन लागतो. घोट्याच्या वर पाच वेढे होते. वरचे दोन दिसत होते, खालचे तीन मांसात गेले होते. त्यांच्यावर कातडी सुजून चढली होती. बोटे सुजली होती आणि एक बोट काळे पडले होते. बाईंनी लहान कात्रीने एकेक वेढा उचलून कापला. पाचव्याला पांढरे दिसले. ते हाड होते.

"हे घ्या, धरा," म्हणून त्यांनी कापलेला तंगूस माझ्या हातात दिला. त्याच्या टोकाला बांबूची खुंटी होती. खुंटीला गाठ होती. दोन वेढे आणि टोक दोन्हींच्या खालून.

बाई काहीतरी विचारत होत्या. मला ऐकू येत नव्हते. त्या गाठीला पाऊस लागला होता, चिखल लागला होता, एका जिवंत पक्ष्याने कित्येक दिवस तिला हिसके दिले होते, आणि ती तसूभरही सरकली नव्हती. मी शिकवली तशीच होती.

घोंगडी काढल्यावर पिल्लू बराच वेळ बसून राहिले. मग एका पायावर उभे राहिले आणि आईबापाकडे उड्या मारत गेले. उडाले नाही.

"पाय राहते का जाते, आठ-दहा दिवसांत समजंल," बाई म्हणाल्या. "एका पायाचा सारस चिखलात चरू शकत नाही. उपाशी मरते. पण कोणाचा आहे हा तंगूस?"

"माझा," मी म्हणालो. धनराज म्हणाला, "माझा." बाईंनी दोघांकडे पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले.

त्या दुपारी मी जेवलो नाही. वनिताला विचारले, "रोवणी (धानाची लावणी) झाल्यावर तुम्ही तो तंगूस काढला का नाही?"

ती चकितच झाली. "काढायचा असते काय? सुतळी कोण सोडते जी? मिरगात बांधली का दिवाळीपर्यंत तिची मातीच होते. रोवणीच्या घाईत पऱ्हे उपटले, तंगूस धुऱ्यावर फेकला. सुतळीले फेकत होतो तसाच."

यात तिची काय चूक? पिढ्यान् पिढ्या इथे बांधलेली दोरी कुणी सोडलेली नाही. ते काम मातीकडे होते. बांधायची सगळी मापे मी लिहून दिली. सोडायचे एक अक्षर लिहिले नाही.

पुढचे अडीच दिवस आम्ही धुरे धुंडाळले. बारापैकी नऊ घरांची माणसे आली. उरलेले तिघे म्हणाले, पावसाने केव्हाच वाहून नेला. ते खरे होते. बोडीच्या कडेला आम्हाला जे सापडले ते सांगतो. एक पाणकोंबडी, पिसे आणि हाडे, गुंत्यात उलटी. एक विरोळा (पाण्यातला साप), तीन ठिकाणी आवळलेला. एक कासव, मेलेले, मानेभोवती एक वेढा. जवळच त्याची अंडी होती की गोगलगाई, मी नीट पाहिले नाही. पाहवले नाही. धनराजच्या गोठ्यात तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगातून हातभर तुकडा निघाला तेव्हा तो बैलाकडे पाहतच राहिला.

सुकराम पाण्यात उतरून पायाने चाचपत होते. पाण्यातला सगळा गुंता त्यांनीच काढला. मी म्हणालो, "परवा मी तुम्हाला उगाच बोललो."

"बोलले त बोलले. पाव्हणे आहा," ते म्हणाले. मग पाळीच्या टोकाकडे हात केला. "बाकीचा तिकडून गेला. सलंगातून (जादा पाणी बाहेर पडते त्या वाटेने) नाल्यात. नाला नदीत, नदी वैनगंगेत. गोसीखुर्दच्या दारातून खाली. मंग कुठं जाते, तुमाले मालूम."

मला माहीत होते. वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात. गोदावरी माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर वाहते. मी तिच्या काठचा माणूस सातशे किलोमीटर दूर जाऊन तिच्यात तंगूस सोडून आलो होतो. समुद्रात कासवे असतात, तीही मान बाहेर काढून श्वास घेतात.

सापडलेला गुंता धुऊन, वाळवून आम्ही दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. नवे रीळ तोलले आणि त्यातून रिकाम्या चाकाचे वजन वजा केले: पाचशे मीटर तंगुसाचे वजन बहात्तर ग्रॅम. बारा रिळांचे आठशे चौसष्ट. सहा किलोमीटर, आणि एक किलोसुद्धा नाही. एका हातात मावेल एवढे. आमचा गुंता भरला तीनशे दहा ग्रॅम. म्हणजे साधारण दोन हजार एकशे पन्नास मीटर. तीन हजार आठशे पन्नास मीटर मिळाले नाहीत. बाकावरचे लोक या वेळी हसले नाहीत. मी भिंतीवरचा कागद मागितला. दुकानदाराने तो नखाने खरवडून, फाटू न देता काढून दिला.

नाशिकला पोहोचलो तेव्हा बायकोने आधी तांदळाचा वास घेतला, मग पोत्याचे तोंड उघडायला कात्री आणली. पोते वनिताने निघायच्या आदल्या दिवशी शिवले होते. कशाने शिवले, ते मी पाहिलेच नव्हते. बायकोने टाके कापले आणि धागा ओढून केराच्या डब्यात टाकला. प्रवासाची हकिगत मी तोवर तिला सांगितली नव्हती. मी डब्यात हात घालून तो धागा काढला तेव्हा तिला वाटले, मला बरे नाही. तो एक मीटर दहा सेंटिमीटर होता. मी तो गाठोड्यात घातला.

आठ दिवस मी रोज फोन केला. धनराज म्हणायचा, आहे, बसलंच आहे; आई चारून राहिली. नवव्या दिवशी त्याचाच फोन आला.

"जवाईबापू, उडालं."

"पाय?"

"दोन बोटं गळाली. टेकवते, पण सरकते. सुकरामबा म्हणते, उन्हाळ्यात बोडी आटली का समजंल, चरू शकते का नाही ते." मग म्हणाला, "औंदा पऱ्ह्यावर सुतळी बांधणार आहो आम्ही. तुम्ही फक्त किती लागते ते सांगा."

मी सांगतो म्हणालो. अजून सांगितलेले नाही. तो कागद माझ्यासमोर आहे. मी तीनदा तपासला. बारा मीटर, दहा मीटर, पंचवीस सेंटिमीटर, एकेचाळीस ओळी, चारशे ब्याण्णव मीटर, आठ मीटर गाठींसाठी. आकडेमोड कुठेही चुकलेली नाही.