भूपातली बाराखडी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंचा. माझ्या घरात आधी कोणी शिकलेलं नव्हतं. बाईंनी बाराखडी भूप रागात बसवली होती, ती गात गातच मी वाचायला लागलो.

आता बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात, सॉल्ट लेकला राहतो. सहा वर्षांची मुलगी दिवसभर बंगाली बोलते. एकदा फोनवर ती माझ्या आईला म्हणाली, "आजी, मी पाणी खाल्लं." बंगालीत पाणी खातातच. आई हसत सुटली. "चावून खाल्लंस का गं?"

त्या दिवसापासून पोरीने मराठी बोलणंच सोडलं. आजीचा फोन आला की ती दुसऱ्या खोलीत जायची. आजी-नातीचं बोलणं कायमचं तुटतंय, या विचाराने मी खचलो.

मन जड झालं की मी बाईंची बाराखडी गुणगुणतो. रविवारी पोळ्या लाटताना तेच चाललं होतं. मुलगी शेजारी उभी राहून माझ्याबरोबर गाऊ लागली. आठवड्याभराने तिने स्वतःहून फोन मागितला आणि आजीला सगळी बाराखडी गाऊन दाखवली. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

मी बाईंना पत्र लिहिलं:

"आदरणीय बाई, सा. नमस्कार. तुमची बाराखडी आमच्या घरी रोज होते. मुलगी 'ळ'ला अडखळते, पण आता थांबत नाही. मलाही धीर आला आहे. दिवाळीत तिला घेऊन येतो. तिचं गाणं ऐका आणि सूर चुकला तर माझ्यासारखंच तिलाही रागवा."