नातीच्या मुलाखतीत मी बोलले

मी बोलले.

नात मोबाइलसमोर ताठ बसली होती. पांढरा शर्ट, केस मागं चापून बांधलेले. मोबाइलमध्ये तिघं दिसत होते: एक जपानी बाई, एक वयस्क जपानी साहेब आणि मधे भाषा सांगायला आपल्याकडचा एक माणूस. बाईनं विचारलं, रोज सकाळी काय काय करता. नातीनं सुरुवात बराबर केली. सकाळी सहाला उठते. तोंड धुते. आणि तिथंच थांबली. मला मागून तिची मान दिसत होती. मी मनात दहा मोजले. ती काही बोलेना. मग मक्याच्या पोत्यांमागून माझ्या तोंडून निघालं, "आसागोहान ओ ताबेमास."

सकाळचं जेवण जेवते. एवढंच.

तो मधला माणूस लगेच हिंदीत म्हणाला, खोलीत कोण आहे, मोबाइल सगळीकडं फिरवा. नातीनं फिरवला. पोती, माझी बाज, दोरीवरची लुगडी आणि तोंडाला पदर लावून उकिडवी बसलेली मी. नात हळूच म्हणाली, "सोबो देस." माझी आजी आहे. जपानी बाई पुढं वाकून माझ्याकडं बघायला लागली. काय करावं कळेना, मी हात जोडले. मधल्या माणसानं सांगितलं की खोलीत दुसरं कुणी नको हे कालच कळवलं होतं, मागून कुणी सांगत असेल तर निवड होत नाही. मग मोबाइल काळा झाला.

नात जागची उठली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

"आजी, तू मला बुडवलं," ती म्हणाली.

खरं होतं ते.

मी तिथं का होते तेही सांगते. आमचं गाव हसनाबादच्या पुढं. घरात रेंज फक्त माझ्या खोलीच्या खिडकीपाशी येते. त्याच खोलीत मी झोपते आणि त्याच खोलीत मका ठेवलेला. नातीनं मला शेजारी जाऊन बसायला सांगितलं होतं. मी म्हणाले, शेजारी गेले तर बाया विचारत विचारत इकडं येतील, त्यापेक्षा मी पोत्यांमागं बसते, खोकणार नाही. हे निमित्त होतं. मला ऐकायचं होतं.

नातीनं जालन्यात नर्सिंग केलं. नंतर जपानला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली घेतात असं कळलं, तर तिनं भाषेचा क्लास लावला. क्लास मोबाइलवरच. आठ महिने ती खिडकीपाशी बसून मोठ्यानं घोकायची आणि मी बाजेवर बसून शेंगा सोलायचे, नाहीतर तूर निवडायचे. मी चौथी शिकले. लिहिलेलं माझ्या डोक्यात फार राहत नाही, कानात गेलेलं मात्र निघत नाही. ती भाषा काही उलटी नाही. आपल्यासारखीच आहे. आधी वेळ येते, मग वस्तू, आणि काय केलं ते शेवटी. आसा रोकुजि नि ओकिमास. सकाळी सहाला उठते. शब्दामागं शब्द ठेवला की बसतो. घरातून निघताना ते लोक "जाते" म्हणत नाहीत, "जाऊन येते" म्हणतात. हे ऐकल्यावर मला ती माणसं जरा शहाणी वाटली.

तिच्या पुस्तकात एका माणसाचा दिवस होता. सातला उठतो, ब्रेड खातो, रेल्वेनं हापिसात जातो, परत येतो, संध्याकाळी अंघोळ करतो, टीव्ही बघतो, झोपतो. मी विचारलं, याचं घर कोण झाडतं. नात म्हणाली, ते धड्यात नाही. स्वयंपाक कोण करतं. तेही नाही.

"मंग याचा दिवस दुसरंच कुणी करून राह्यलं," मी म्हणाले.

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं क्लासच्या मॅडमला झाडण्याचे, पाणी भरण्याचे, दूध काढण्याचे शब्द विचारून घेतले. मॅडमनं सांगितलं, स्वतःचा दिवस लिहून पाठ कर. नातीचा दिवस बघितला तर अर्धा मोबाइल आणि अर्धा आरसा. तिनं माझा लिहिला. त्यातली उठायची वेळ तेवढी साडेचारची सहा केली. सकाळी लवकर उठणारी मुलगी त्यांना आवडते म्हणे, पण साडेचार म्हटलं तर खोटं वाटेल.

मग मी का बोलले? आमच्याकडं नवरी नाव घेताना अडली की मागं उभी असलेली बाई हळूच पुढचा शब्द देते. द्यावाच लागतो. माझ्या लग्नात मी उंबऱ्यावर अडले होते. धावड्याच्या एका चुलतसासूनं मागून शब्द दिला, मी नाव घेतलं आणि आत गेले. कोण बोललं असं कुणी विचारलं नाही. पुढं मी स्वतः किती नवरी मुलींना शब्द दिले त्याचा हिशोब नाही. समोरची अडली आणि आपल्याला येत असेल तर गप्प बसणं हे आमच्यात वाईट. ते तोंडातून निघतं, विचार नंतर येतो.

सून त्या दिवशी भांडी जोरात ठेवत होती. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, पोरगी जाऊ नये असंच होतं ना तुमच्या मनात?"

हे मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. नातीनं जावं असं मला रोज वाटत नव्हतं. काही दिवशी वाटायचं, काही दिवशी नाही.

"तसं असतं तर गप बसले असते," मी म्हणाले. "ती अडलीच होती. आपोआप पडली असती."

सुनेनं भाकरी उलटली. पटलं का नाही, कळलं नाही.

खरी अडचण वेगळी होती. मंठ्याचं एक स्थळ दोन महिन्यांपासून थांबलेलं होतं. घर बरं, मुलगाही वाईट नव्हता. पण नातीला ते नको होतं. मुलाखतीत निवड झाली तर नाही म्हणायचं, नाही झाली तर हो म्हणायचं, असं तिनं बापाला कबूल केलं होतं. त्या संध्याकाळी माझा मुलगा ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "माय, मंठ्याच्या लोकांना काय सांगू? रोज फोन करून राह्यले." मी म्हणाले, थांब. किती थांबू म्हणाला. ते मला कुठं माहीत होतं.

माझं कशातच लक्ष लागेना. अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. निवडलेली तूर पुन्हा निवडली. म्हशीला पाणी दाखवलं, तिनं तोंड फिरवलं, कारण मी तासाभरापूर्वीच पाजलं होतं. बसले की उठावं वाटे, उठले की कुठं जावं कळत नसे. नात खिडकीपाशी बसायची, पण पुस्तक बंद. आठ महिने जी खोली बडबडत होती ती गप्प झाली, आणि माझ्या कानात मात्र ते सगळं सुरूच होतं. उठते, धुते, जेवते. उठते, धुते, जेवते.

तिसऱ्या दिवशी मी मोबाइल नातीपुढं धरला. क्लासच्या मॅडमला माझा आवाज पाठव म्हणाले.

"राहू दे आजी. आणखी बिघडवशील."

"बिघडवलं मीच. दाब ते."

तिनं दाबलं. मी बोलले ते असं: "मॅडम, मी पोरीची आजी. त्या दिवशी मागून मी बोलले. पोरीनं मला सांगितलं नव्हतं. आमच्यात नवरी अडली की मागची बाई शब्द देते, त्याला चोरी म्हणत न्हाईत. जपानी लोकांत म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या बाईला सांगा, पोरीला परत एकदा विचारा. मी घरात राहणार न्हाई. शेतात जाऊन बसते."

मॅडमनं ते पुढं कसं सांगितलं, त्या बाईला काय कळलं, मला माहीत नाही. चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी नात धावत गोठ्यात आली. परवा परत मुलाखत. खोली आधी मोबाइल फिरवून दाखवायची.

मुलानं पोतीही ओट्यावर काढून ठेवली. मी सांगितल्याप्रमाणं शेतात गेले. लिंबाखाली बसले आणि लगेच उठले. कपाशीच्या एका ओळीतून विहिरीपर्यंत गेले, परत आले. किती वाजले कळायला मार्ग नव्हता, घड्याळ मी वापरत नाही. मनात आलं, आता ती सांगत असेल. मीही तिच्याबरोबर तोंडातल्या तोंडात सुरू केलं. सहाला उठते. तोंड धुते. आणि पुढचं येईना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथंच. माझाच दिवस होता तो, आणि मी त्यात अडले. मागं शब्द द्यायला कुणी नव्हतं. कपाशी होती आणि पलीकडच्या वावरातला बैल.

सून बांधावर आली तेव्हा मी उभीच होते. लांबूनच तिचं तोंड वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "पाठ केलेलं विचारलंच न्हाई त्या बाईनं. तुझी आजी दिवसभर काय करते, ते सांग म्हणाली."

पुढचं नातीकडून ऐकलं. तिनं सांगितलं की आजी साडेचारला उठते, अंगण झाडते, पाणी भरते, म्हशीचं दूध काढते. या वेळी वेळ खरी सांगितली. नंतर भाकरीपाशी अडली. भाकरीला शब्दच नव्हता तिच्याकडं. त्या खोलीत पोती नव्हती, मी नव्हते. मग तिनं हाताचा तळवा दुसऱ्या तळव्यावर थापून दाखवला आणि म्हणाली, भाकरी. भाकरी करते. आणि पुढं गेली.

निकाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत अंगण किती वेळा झाडलं ते विचारू नका. निवड झाली. मंठ्याच्या लोकांना मुलानं स्वतः जाऊन नकार सांगितला. त्यांनी चहा पाजला पण बोलले नाहीत फार.

नात जाऊन आता वर्ष होईल. म्हाताऱ्या माणसांच्या घरात कामाला आहे. माझ्या वयाच्या बायांना सकाळी उठवते, त्यांचं तोंड पुसते, त्यांना जेवू घालते. एक म्हातारी तोंड उघडत नाही म्हणाली, अर्धा अर्धा तास थांबावं लागतं. मी साडेचारला उठते तेव्हा तिथं आठ वाजलेले असतात, म्हणजे तिचं ते काम होऊन गेलेलं असतं. हे मला अजून नीट पचत नाही. मी झाडू घेते आणि ती पुढं निघून गेलेली असते.

गावात बाया म्हणतात, आजीनं नातीला जपानला पाठवलं. तसं नाही. पोत्यांमागून बोलले ती मी. खिडकीपाशी दोन्ही वेळा बसली, दोन्ही वेळा अडली आणि दुसऱ्यांदा एकटीच त्यातून निघाली, ती माझी नात.