आबासाहेबांच्या बिलाचं उद्यापन

शरयूकाकूंनी त्रेपन्न वर्षं गोड खाल्लं नाही. का, तर नवऱ्याच्या आजोबांचं बिल पास झालं नव्हतं.

हे आजोबा म्हणजे आबासाहेब. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मेंबर होते. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचं बिल त्यांनी मांडलं आणि भर सभेत सांगून टाकलं, “हे पास होईपर्यंत माझ्या घरात गोड शिजणार नाही.” टाळ्या त्यांना मिळाल्या, व्रत बायकांना लागलं. बिल काही पास झालं नाही. सासूकडून सुनेकडे येत येत ते व्रत इथे अमेरिकेत, ट्रॉय गावापर्यंत पोचलं. काकूंच्या नवऱ्याला, विवेककाकांना मात्र सूट. “प्लांटमध्ये मीटिंगला डोनट्स येतात, नाही कसं म्हणणार?”

लेकीच्या लग्नात काकूंनी मला हळूच विचारलं होतं, “वीणा, तू पोथ्या वाचतेस. एक जिलबी खाल्ली तर चालेल का गं?”

मी म्हटलं, “उद्यापनाशिवाय व्रत मोडू नये, काकू.” त्यांनी ताट सरकवलं. माझं ते शहाणपण आज आठवतंय.

पुढे गोडाला न शिवताही काकूंना डायबेटिस झाला.

यंदा काका आजोबांचं चरित्र लिहायला बसले. नात अनयानं कॉलेजच्या लायब्ररीतून कौन्सिलचे जुने रिपोर्ट मिळवले आणि गेल्या रविवारी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “आजी, ही विथड्रू इट. हिमसेल्फ!” मार्च १९२८. बिल मागे घेतलं, लगेच सरकारी कमिटीवर नेमणूक, वर्षाच्या आत रावबहादूर. घरी कुणाला पत्ता नाही.

काका म्हणाले, “काही अडचण असेल त्यांची. पुस्तकात एवढं डिटेल नको.”

काकू कणीक मळत राहिल्या.

आज आबासाहेबांची पुण्यतिथी. वीसेक माणसं जमलेली. काका भाषणाला उभे राहणार, तोच काकूंनी फोटोपुढे बासुंदीची वाटी आणून ठेवली. काठोकाठ, वर केशर.

“अगं, हे काय?”

“उद्यापन. बिल त्यांनीच मागे घेतलंय, १९२८ सालीच सुटलं व्रत. खाऊ देत त्यांना.”

मी कसंबसं म्हटलं, “काकू, तुम्हीही घ्या ना चमचाभर.”

“मला आता डॉक्टरांनी बंद केलंय,” त्या म्हणाल्या आणि पानं वाढायला लागल्या.

सगळे गेल्यावर मी भांडी आवरायला थांबले. फोटोपुढची वाटी चाटूनपुसून स्वच्छ. काका मिशी पुसत म्हणाले, “प्रसाद टाकू नये.”