आईला ताप आहे

आमच्या गावात मतदान गुप्त असतं, हा विनोद सरकारनं केलेला आहे. निकाल केंद्रानुसार कळतो, गावात केंद्रं दोनच, आणि कुठल्या घरात किती मतं हे पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ. वजाबाकीला कितीसा वेळ लागतो? त्यात गेल्या लोकसभेपासून गाव दोन आळ्यांत असं उभं फाटलं, की माणसं चहासुद्धा जात बघून प्यायला लागली. आमचं वाण्याचं घर दोन्हींत नाही. किराणा दुकान मात्र दोन्ही आळ्यांच्या मधोमध, त्यामुळे दोघांनाही आम्ही पलीकडचे वाटतो.

विधानसभेच्या मतदानाला आई पहाटेच उठून बसली. तिचे गुडघे गेलेले, मोटारसायकलवर बसता येत नाही आणि मतदानाची शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी न्हाऊन, कपाळाला भस्म लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती दुकानाच्या ओट्यावर तयार. आजवर एकही मतदान तिनं चुकवलं नव्हतं.

म्हाताऱ्यांना न्यायला दोन्हीकडच्या जीपा फिरत होत्या. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या जीपमध्ये बसलात त्याचं मत, मग आत जाऊन तुम्ही कुठलंही बटण दाबा. मी आईला घाईनं आतल्या खोलीत नेऊन बसवलं. पहिली जीप आली तेव्हा सांगितलं, आईला ताप आहे. दुसरी आली, तिलाही तेच सांगितलं आणि स्वतःच्या हुशारीवर मनातल्या मनात खूष झालो.

आईनं आतून सगळं ऐकलं होतं. दुकानाचा माल आणायचा हातगाडा मागं उभा होता, त्याकडे तिनं बोट दाखवलं.

"जीप नको तर त्याच्यावर ने. साखरेचं पोतं जातंय, मी न्हाई व्हय जायची?"

मी म्हणालो, लोक हसतील.

"हसू दे की. मत माझं हाय."

दुपारी बघू, म्हणून मी वेळ मारून नेली. स्वतः मात्र पायी जाऊन मत देऊन आलो. पुण्याहून गाड्या भरभरून लोक येत होते, आजारी माणसं खाटेसकट उचलून नेली जात होती. टक्केवारी एवढी चढली, की दोन्ही बाजू आपापली मिशी पिळत होत्या. आणि माझी आई घरात. संध्याकाळी तिनं माझा हात ओढून बोटावरची शाई बघितली आणि लुगडं बदललं.

निकालानंतर पारावर वजाबाकी झालीच. ताप खोटा होता, हे दोन्हीकडं कळलेलं. हे म्हणाले, म्हातारी त्यांची होती म्हणून आमच्या जीपमध्ये बसली नाही. तेही तेच म्हणाले. गिऱ्हाईक दोन्ही आळ्यांतून तुटलं. तेलही गेलं, तूपही गेलं, ही म्हण किराणावाल्यालाच लागू पडावी! राग गावाचा येतोच, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. ज्यांना भ्यायलो त्यांनी सोडलं नाहीच, आणि आईचं मत मी आपल्या हातानं बुडवलं.

पुढची निवडणूक आली तेव्हा सकाळीच हातगाडा धुतला. त्यावर गोधडी अंथरली, पाठीला उशी लावली आणि भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असा आणून ओट्याला लावला. दोन-चार जण हसलेही. हसोत म्हटलं.

आई आत जुन्याच लुगड्यात लसूण सोलत बसली होती. मी म्हणालो, चल, गाडा तयार आहे, आज तूच पुढं. ती उठली नाही. मी पुन्हा म्हणालो, मी स्वतः ढकलतो, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तिनं आणखी एक पाकळी सोलली, ताटलीत टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मला ताप हाय."