गोळी लागली होती

आमच्या गावच्या विहारात बुद्धपौर्णिमेला दरवर्षी माझी गोष्ट सांगतात. सांगणारे बदलले, गोष्ट तीच राहिली. एक फौजी होता, लढाईवरून आला, त्याच्या हाती बंदूक होती, मग त्याच्या मनात करुणा जागी झाली, त्याने बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि त्याला शांती मिळाली. पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, कसं पाळावं, तर या माणसाकडे बघावं. मग मला उभं करतात. टाळ्या पडतात. मी हात जोडतो. इतकी वर्षं हात जोडतो आहे.

ही गोष्ट खोटी आहे. नुसती खोटी असती तर मी तिच्यासकट मेलो असतो, माझं काही बिघडत नव्हतं. पण या गोष्टीच्या शेजारी गावात दुसरी एक गोष्ट चालते, माझ्या वहिनीची. माझ्या थोरल्या भावाची बायको मोहफुलांच्या लोभापायी अंधारात एकटी गेली आणि अस्वलाने तिचं तोंड फाडलं, अशी. तीही खोटी आहे. दोन्ही खोट्या गोष्टी एकाच संध्याकाळी जन्मल्या आणि दोन्हींचा बाप मी आहे.

मी पासष्टची लढाई करून दोन-तीन वर्षांनी घरी आलो. बालाघाट जिल्ह्यात, परसवाड्याच्या अलीकडे आमचं गाव. भाताची शेती थोडी, बाकी जंगल. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली माणसं आमच्याच घरातली होती, माझा बापही त्यात होता. घरात पंचशील म्हणायचे आणि डुकरांनी धान लोळवलं की बंदुकीसाठी माझ्याकडे बघायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. परवान्याची बाराबोर बंदूक घेतली आणि लवकरच शिकारी म्हणून माझं नाव झालं.

पेन्शनच्या दिवशी बालाघाटला आम्ही माजी सैनिक स्टेशनाजवळ चहाला जमत असू. छोट्या लाईनची गाडी सुटायला वेळ असायचा, तेवढ्यात जो तो आपलं तत्त्वज्ञान पाजायचा. एकजण म्हणायचा, जंगलात बंदूक घेऊन बसलं की मन शांत होतं, लढाईचा विसर पडतो. लालबर्ऱ्याकडचा एक होता, त्याने मासे धरणंसुद्धा सोडलं होतं आणि तो म्हणायचा की सोडल्यावर शांत वाटतं. दोघंही तितकेच बडबडे. ज्याला शांत वाटतं तो चहाच्या टपरीवर ते ओरडून कशाला सांगेल? मी पहिल्याच्या बाजूने मान हलवायचो. मलाही शिकारीत बरं वाटायचं, पण त्याचं कारण शांती नव्हतं. जनावर उलटून गोळी घालत नाही, एवढंच कारण होतं. लाखाची फौज पाहून आलेला मी सशाच्या धैर्याचा शिकारी होतो.

लढाईत पंजाबातल्या एका उसाच्या शेतात आम्हाला शिरायला सांगितलं होतं. आत शत्रूचे जखमी पडले होते. माझ्यापुढचा शिपाई आत गेला आणि खाली पडलेल्या एकाने त्याला जवळून गोळी घातली. मी बाहेरच उभा राहिलो. कोणी बघितलं नाही, कोणी विचारलंही नाही. त्यानंतर दाट जागेत जखमी काहीतरी आहे म्हटलं की माझे पाय उचलत नसत. हे मी घरी सांगितलं नव्हतं. घरी फक्त पदकं दाखवली होती.

त्या चैतात जिल्ह्याच्या गावाहून एक मोठे साहेब डुकराच्या शिकारीला आले. जीप, घडीची खुर्ची, थर्मास, लोणच्याची बरणी. बायकोने दिलेला मफलर चैताच्या उन्हातही गळ्यात. साहेबांना बंदूक खांद्याला लावताना कोणत्या डोळ्याने बघायचं ते नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून मला त्यांच्या मदतीला घेतलं होतं. साहेब मारतील, न लागलं तर मी मारीन आणि फोटो साहेबांचा निघेल, अशी पद्धत. या पद्धतीने आमच्या भागात बऱ्याच थोर माणसांनी शिकारी केल्या आहेत.

हाका घालायला, म्हणजे डबे वाजवून जनावर पुढे काढायला, गावातलीच माणसं होती. त्यांचा म्होरक्या एक म्हातारा गोंड, फार बोलत नसे. आमच्याकडे हाक्याचा एक नियम होता आणि तो साहेबालाही लागू होता. जनावर जखमी झालं तर ज्याची गोळी त्याने आत शिरून ते संपवायचं. ते संपेपर्यंत हाकेवाले घरी जात नसत. आणि अंधार पडलाच तर कोतवाल गावात दवंडी देई की अमक्या बाजूला उद्या कोणी जायचं नाही. मोहाचे दिवस असले तरी नाही.

साहेब नाल्याच्या तोंडाशी खुर्चीवर बसले. मी खालच्या वळणावर एकटा होतो. दिवस कलला होता. हाका सुरू झाला, डबे वाजले, डुक्कर एकही निघालं नाही. घाणेरीतून निघालं एक मोठं अस्वल, आणि ते सरळ माझ्याकडे आलं. मी गोळी घातली. अस्वल बसलं. मान वळवून त्याने आपल्याच कंबरेचा चावा घेतला, मग उठलं आणि मागचा पाय ओढत नाल्याच्या गचपणात शिरलं. गोळी लागली की अस्वल माणसासारखं रडतं असं सगळे सांगतात. हे रडलं नाही. म्हणून माझं फावलं.

म्हातारा सगळ्यांच्या पुढे पळत आला. नंतर साहेब, हाश्शहुश्श करत.

"लगी क्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी त्या गचपणाकडे बघितलं. मला ऊस दिसला.

"नाही लागली," मी म्हणालो.

साहेब खूश झाले. दुसऱ्याचा नेम चुकला की साहेब लोकांना बरं वाटतं. "क्या फौजी! इतना बड़ा भालू, और चूक गए? वहाँ बॉर्डर पर क्या करते थे, रोटी बेलते थे?"

हाकेवाले हसले. एकजण जमिनीवर रक्त आहे का बघायला वाकला होता. म्हाताऱ्याने त्याला हाताने उठवलं. "अरे, क्या देखता है? फौजी झूठ बोलेगा तो 'लगी' बोलेगा. 'नहीं लगी' काहे को बोलेगा?"

सगळ्यांना ते पटलं. खोटं बोलून स्वतःची फजिती कोण करून घेईल? भित्रा माणूस करून घेतो, हे त्यांच्यातल्या कोणालाही सुचलं नाही, कारण मी फौजी होतो. कोणी आत गेलं नाही. दवंडी फिरली नाही. साहेब जीपमध्ये बसून गेले. लोणचंही परत नेलं.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. वहिनी चुलीपाशी होती. माझ्याहून फार मोठी नव्हती, पण घरात तिचा शब्द चाले आणि थट्टा करायला ती कोणाला भीत नसे.

"या, भाऊजी. आमच्या घरची तोफ आली," ती म्हणाली. "आता बंदुकीले तेल नका घालू, डोळ्यात काजळ घाला."

मी जेवायला बसलो. वाढता वाढता तिने विचारलं, "पन भाऊजी, आपला मोह त्या नाल्याकडंच हाये. सकाळी जाऊ का नको जाऊ? बाकीच्या बाया म्हनते उन्हं पडू दे."

"जा नं. काहून भेता?"

"भेत नाही, विचारून राह्यली. तुमी पाह्यलं असन ते कुठं गेलं."

"डोंगराच्या पल्याड गेलं. मी सोता पाह्यलं. खुशाल जा."

एवढंच बोलणं झालं. मला तेव्हाही सांगता आलं असतं. पण आता 'लागली' म्हटलं असतं तर संध्याकाळी 'नाही' का म्हणालो ते सांगावं लागलं असतं. एक भाकर जास्त खाऊन मी झोपलो.

मोह पहाटे गळतो. आमच्याकडे झाडं घरोघरी वाटलेली आहेत. जो तो आपल्या झाडाखालचा पाला जाळून जागा साफ ठेवतो आणि आपल्याच झाडाखाली वेचतो. फुलं पडल्याबरोबर गेलं नाही तर गुरं खाऊन टाकतात. वहिनी फटफटायच्या सुमारास टोपली घेऊन गेली. झाड नाल्याच्या काठावर. बाकीच्या बाया ऊन पडल्यावर निघाल्या तेव्हा ती त्यांना वाटेत सापडली, लुगडं तोंडाशी धरून चालत येत होती. एक डोळा गेला होता. जबडा मोडला होता. बैलगाडीतून बैहरच्या रस्त्याला नेली, तिथून मोटारीने बालाघाटच्या दवाखान्यात.

ती बरेच महिने बोलू शकली नाही. तेवढ्या वेळात गाव तिच्या वतीने बोललं. "उजाडायच्या आंधी कोन जाते एकटी? शेजारनीच्या झाडाखालचा उचलाचा असन." कोणी म्हणे, आधीपासून हावरी. कोणी म्हणे, दिराची बंदूक घरात म्हणून माज. माझा भाऊही वैतागला की म्हणायचा, "तुले कोनं सांगतलं होतं इतक्या लवकर जाले?" ती त्याच्याकडे एका डोळ्याने बघायची. मी तिथेच बसलेला असायचो.

पाच-सहा दिवसांनी नाल्यावर गिधाडं उतरली. कोणाचं तरी ढोर मेलं असेल, असं लोक म्हणाले. मी जाऊन बघितलं नाही.

बंदूक मी त्याच महिन्यात जमा केली. ती घरात असली की कोणीतरी पुन्हा हाक्याला बोलावणार, आणि बोलावलं की पुन्हा केव्हातरी आत शिरावं लागणार. बाकी काही कारण नव्हतं. पण बुद्धपौर्णिमा जवळ आली होती आणि भाषण करणाऱ्याला उदाहरण हवं होतं. वहिनीच्या दुःखाने फौजीचं मन पालटलं, असं त्याने जाहीर केलं. मला वाटलं, हा एकदाचा सांगून मोकळा होईल. पण लोकांना गोष्ट आवडली. पुढे मला विहाराच्या कमिटीत घेतलं. भांडणं मिटवायला माझ्याकडे येऊ लागले. मीही गंभीर चेहरा करून भांडणं मिटवू लागलो. शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा तर लोक म्हणाले, सरकारच्या आधी आमच्या माणसाला समजलं होतं. मी हेही ऐकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगली.

कायदा आल्यावर काही वर्षांनी मी वहिनीला सांगितलं. ती अंगणात तेंदूची पानं कापत बसली होती, बिडीसाठी. भाऊ उकव्याला खाणीवर गेला होता. मी सगळं सांगितलं, ऊससुद्धा. तिचा हात थांबला नाही. जबडा वाकडा जुळला होता, त्यामुळे तिचं बोलणं नीट लक्ष देऊन ऐकावं लागे.

"तुमाले ठाऊक नसन, असं समजून मी तोंड बंद ठेवलं," ती म्हणाली. "म्हटलं, दिराचं नाव कशाले घ्याचं. त्याले बिचाऱ्याले काय मालूम."

"वहिनी, मले माफ करा."

"मले कशाले सांगता? मी लोभी नव्हती हे मले ठाऊकच हाये. ज्याईले ठाऊक नाही त्याईले सांगा नं. विहारात सांगा. थ्या दिवशी सगळे येते."

मी हौ म्हणालो.

त्या पौर्णिमेला मला उभं केलं तेव्हा मी सांगणार होतो. वहिनी बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती, पदर डोळ्यावरून ओढून. मी तोंड उघडलं आणि कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. हारामुळे बोलता येत नाही असं कधी झालंय का? मला आलं नाही. मी हात जोडले आणि बसलो. वहिनी उठून निघून गेली. त्यानंतर ती विहारात आली नाही. मला चहा द्यायची, जेवायला वाढायची, पण भाऊजी म्हणून हाक तिने पुन्हा मारली नाही. सगळ्यांना वाटे, उतारवयात बाई विचित्र झाली.

वहिनी वारली त्याला आता पुष्कळ काळ झाला. मागच्या महिन्यात तिच्या नातीचं लग्न जमत होतं. पाहुण्यांपैकी एक म्हातारी माझ्यासमोर सहज म्हणाली, "हेच का ते घर, मोहासाठी तोंड फाडून घेतलं त्या बाईचं?" मुलीने ऐकलं. ती पाणी घेऊन आली होती, तशीच आत गेली.

मी त्या दिवशी पुतण्याला, वहिनीच्या मुलाला, बसवून सगळं सांगितलं. तो स्वतः म्हातारा व्हायला आला आहे. त्याने ऐकलं आणि उठून दार लोटून घेतलं.

"काका, आता कशाले उकरता?" तो म्हणाला. "माय तं गेली. तुमचं नाव कशाले खराब करता?"

"अन् तुह्या मायचं नाव खराब हाये, त्याचं काय?"

"त्याची आमाले आदत झाली."

मी कमिटीला कळवलं की यंदा पौर्णिमेला माझ्यावर भाषण नको, मी लिहिलेलं मीच वाचीन. अध्यक्ष इथपर्यंत लिहिलेले कागद वाचायला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. हिंदीमिश्रित मराठीत ते फार गोड बोलतात. म्हणाले, पौर्णिमेच्या दिवशी वातावरण चांगलं राहायला पाहिजे. शिकारीचा भाग राहू द्या, तो इंटरेस्टिंग आहे, अस्वल वगैरे. वहिनींचा भाग मात्र पर्सनल आहे, तेवढा गाळा.

मी म्हटलं, अस्वल गाळा. वहिनी राहील.