तीस झोके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अब्बांना नाही — ते तर गेलेही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते आहे तसं राहू द्या.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अचलपूरच्या बाजारात अब्बांची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. अमरावतीच्या एका लहानशा कॉलेजात मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, आज अकोल्यात तेच शिकवतो. याचा मला अभिमान आहे. हे सगळं लिहून झाल्यावरही राहील. तुम्हाला ते खटकणार असेल तर — खटकू द्या.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. रीडिंग घ्यायचं नाही, बनवायचं. उत्तर पुस्तकात असतंच, त्यावरून उलटं गणित करायचं आणि आकडे भरायचे. उत्तर बरोबर नसेल तर जर्नलवर सही मिळत नसे, मग कोण मोजत बसणार? सगळे बनवायचे, मीही बनवायचो. त्याची मला लाज नाही. कबुली त्याची नाहीच.

बनवायचा नाही तो एकटा गजानन. बडनेऱ्याचा, रेल्वेतल्या खलाशाचा, म्हणजे मजुराचा मुलगा, माझ्यासारखाच घरातला पहिला. माझ्यापेक्षा हुशार — हे लिहिताना आजही हात अडतो. एम.एस्सी.ला जायचं आम्हा दोघांनाही होतं, आणि यादीत आमचे मार्क एकमेकांना खेटून लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या प्रॅक्टिकलला आम्हाला एकच टेबल आलं. लोखंडी पट्टी टांगायची, तिच्या तीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाची किंमत काढायची. ती ९८० यायला हवी, हे शाळेतलं पोरही सांगेल. आधी गजू, मग मी. तो मोजत असताना मी टेबलावरचं स्टॉपवॉच माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. अब्बांनी लावलेलं घड्याळ ते, चुकणार कसं? स्टॉपवॉच मिनिटाला दोन सेकंद मागे पडत होतं. झोक्यांचा वेळ कमी भरला की उत्तर फुगतं.

घड्याळजीचा पोर मी. मला ते कळलं, गजूला कळलं नाही. सांगायला किती वेळ लागला असता?

मी माझे आकडे बनवले. ९७९ काढलं — तंतोतंत ९८० आलं की संशय येतो. गजूचं १०४८ आलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "काय रे, तुझ्यासाठी पृथ्वी जड झाली का?" सगळे हसले. गजू म्हणाला, "सर, मी तीनदा मोजलं." परीक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. "यानंही इथंच मोजलं ना?"

घड्याळ मागे आहे, हे मी तेव्हाही सांगू शकत होतो. पण मग त्याच घड्याळावर माझं ९७९ आलं कुठून? गप्प बसलो. इथवरही मी स्वतःला समजावलं असतं. भीती होती म्हणालो असतो.

पण संध्याकाळी बडनेऱ्याच्या ऑटोची वाट पाहत आम्ही उभे होतो. गजूनं विचारलं, "सलीम, खरं सांग बे. घडी एकच, पट्टी एकच. तुयं बराबर कसं आलं?"

आणि मी म्हणालो, "अबे, तू पहिला झोका शून्य नाही, एक धरला असशील. एकोणतीसच मोजले तू."

त्यानं खिशातून कागद काढला आणि तिथंच गणित केलं. एक झोका कमी धरला की उत्तर जवळपास तेवढंच येतं. येणारच — मी ते आधीच करून पाहिलं होतं. कागदाची घडी करून परत खिशात ठेवली. "हाव बे," म्हणाला, "असंच झालं असंन. माहा हातच कच्चा हाये."

पाहिलंत? कुणी दबाव टाकला नव्हता. परीक्षा संपली होती. मी गरीब होतो, पहिल्या पिढीतला होतो — म्हणून काय? तोही होताच. माझ्या वतीनं कुणी ही सबब पुढे करू नये.

यादीत मी लागलो, तो नाही. पुन्हा फॉर्म भरला नाही त्यानं. अकोल्यात फवारणी पंपांचं दुकान टाकलं.

या वर्षी त्याची मुलगी आमच्या कॉलेजात आली. तिला घेऊन तो स्वतः स्टाफरूमपर्यंत आला. सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "हे सलीम सर. यायच्यापासून मोजणं शिक. पहिला झोका शून्य धरजो, माय. तुया बाप तिथंच चुकला."

मी हसलो. हसलो, आणि तिला वेळापत्रक दिलं.

गजानन चुकला नव्हता. त्यानं तीस झोके मोजले होते, तीनही वेळा. त्या घड्याळावर १०४८ हेच खरं उत्तर होतं, आणि सबंध वर्गात ते त्या एकट्याचं होतं.

हे छापून आलं की अंक घेऊन मी त्याच्या दुकानात जाणार आहे. त्याचं वाचून होईपर्यंत समोर उभा राहीन. बस म्हणाला तरी बसणार नाही.