आधी डोळे

कोलकात्यात गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दर रविवारी बालीगंजहून एक डोळ्यांच्या डॉक्टर येतात. त्या इथेच वाढल्या, म्हणून सगळ्यांना फुकट तपासतात. माझ्याशी मराठीत बोलतात, पण मोजकंच. इथल्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की म्हणतात, "ते राहू द्या. वर बघा."

त्यांच्या लहानपणीच्या घरात आता एक बंगाली आजी राहतात. गेल्या महिन्यात त्यांना जिना उतरवेना, म्हणून मी डॉक्टरांना वर घेऊन गेले. त्या दारात क्षणभर थांबल्या.

आजी म्हणाल्या, "ये, बघ तुझं घर."

"आधी तुमचे डोळे, मासीमा."

तपासणी संपवून त्या घर न बघता तशाच निघाल्या. जिन्यात मला हळूच विचारलं, "स्वयंपाकघराचा रंग कुठला आहे हो आता?"

"पिवळा."

त्यांनी मान हलवली आणि खाली जाऊन पुढच्या माणसाला बोलावलं.